चढावर पिकअप सोडणारी गाडी : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

३ जून २०२४, सोमवार. रीडिंग ५८,४१०

आज दोनशे पानी वही आणली आणि पहिल्या पानावर गाडीचा नंबर घातला.

कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. तिथे एखादं मशीन एकाच तक्रारीने तिसऱ्यांदा थांबलं की सरळ पार्ट बदलायला परवानगी नसते. कधी थांबलं, कुठल्या लोडवर, त्याआधी कुणी हात लावला होता, हे सगळं आधी लिहून काढायचं आणि मगच पाना हातात घ्यायचा. घरच्या गाडीला हा नियम मी दोन वर्षं लावला नाही, याचं मला फार वाईट वाटतं. सर्व्हिस सेंटरवर विश्वास टाकून मोकळा झालो होतो.

गाडी सात सीटर, डिझेल, बीएस-६. २ एप्रिल २०२२ला पाडव्याच्या मुहूर्तावर ताब्यात घेतली. रस्त्यावर येईपर्यंत १३ लाख ६० हजार लागले, त्यातले चार लाख आप्पांच्या ग्रॅच्युइटीचे. एवढी मोठी गाडी घ्यायचं कारणही आप्पाच. त्या वर्षी त्यांचं डायलिसिस सुरू झालं. दर मंगळवारी आणि शुक्रवारी कोरेगावहून साताऱ्याला, सकाळी सातची पाळी, मशीनवर चार तास. परतताना त्यांना मागच्या सीटवर आडवं व्हावं लागतं. पोचायला अर्धा तास उशीर झाला तर तो अर्धा तास त्यांच्या चार तासांतून जातो, कारण अकराला त्याच मशीनवर पुढचा पेशंट असतो.

तक्रार एकच आहे. चालता चालता चेक लाइट लागतो आणि गाडी रेस घेणं सोडते. पाय दाबला तरी काटा अडीच हजाराच्या वर जात नाही. कधी कधी इंजिन सरळ बंदच पडतं. मग काही वेळाने काहीच झालं नाही अशी चालू होते.

४ जून, मंगळवार. ५८,४५२

लोकसभेच्या निकालाचा दिवस, बंदोबस्त असणार म्हणून अर्धा तास लवकर निघालो. जाता-येता गाडी नीट.

७ जून, शुक्रवार. ५८,५१८

त्रिपुटीच्या खिंडीत बंद पडली. वेळ सकाळी ६:२२. गाडीत मी, आप्पा, आई. पुढे उसाचा रिकामा ट्रॅक्टर होता, त्याला ओलांडायला दुसरा गिअर टाकून पाय दाबला, तोच लाइट लागला आणि इंजिन गप्प. मागे एसटी होती, ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक मारला. आईने आप्पांचा हात धरून ठेवला होता, डायलिसिसची सुई टोचायला ऑपरेशनने तयार केलेली शीर, म्हणजे फिस्टुला, असलेला डावा हात, त्याला धक्का लागू नये म्हणून ती नेहमी त्याच बाजूला बसते. तिने तोंडातून शब्द काढला नाही. मला त्या गप्प बसण्याचाच जास्त त्रास झाला.

बारा मिनिटांनी गाडी चालू झाली. सेंटरला पोचलो ७:२०ला. आप्पांना साडेतीन तासच मिळाले.

८ जून, शनिवार

दोन वर्षांत किती वेळा बंद पडली हे मला तोंडपाठ नाही, पण घरात एका ठिकाणी ते लिहिलेलं सापडलं. प्रत्येक वेळी आमच्या हिने डायलिसिस सेंटरच्या सिस्टरना मेसेज केला होता: “गाडी बंद पडली आहे, उशीर होतोय, मशीन राखून ठेवा.” तिच्या फोनमधून ते सगळे मेसेज काढले. आल्या-गेल्या पाहुण्यांना पाठवलेले दोन धरून चौदा निघाले. प्रत्येकासमोर जागा लिहिली, आठवत होतं तेवढं.

बारा वेळा चढ. खिंड सात वेळा, घाट तीन वेळा, घराजवळचा पुलाचा चढ दोन वेळा. उरलेल्या दोन वेळा सपाटीवर, पण दोन्ही वेळा पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, हायवेवर शिरायला पहिल्या गिअरमध्ये जोरात ओढलं तेव्हा.

सरळ रस्त्यावर, चौथ्या-पाचव्या गिअरला एकदाही नाही. गाडी पुण्यापर्यंत शंभरच्या स्पीडने गेली आहे, तेव्हाही नाही. ही गोष्ट मी दोन वर्षांत कधी एका कागदावर पाहिली नव्हती.

दुसऱ्या पानावर जॉब कार्डं उतरवली. टर्बोच्या हवेचा दाब मोजणारा बूस्ट सेन्सर बदलला. डिझेल फिल्टर बदलला. सॉफ्टवेअर अपडेट. इंजिनला जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणारा रेल प्रेशर सेन्सर बदलला. थोडा धूर परत इंजिनात सोडणारा ईजीआर वाल्व बदलला. पुन्हा सॉफ्टवेअर अपडेट. अ‍ॅक्सिलरेटर पेडल बदललं. सात वेळा गाडी जमा, एकूण एकतीस दिवस. पार्ट वॉरंटीत, म्हणजे पैसे द्यावे लागले नाहीत. त्या एकतीस दिवसांत आप्पांसाठी ज्या भाड्याच्या गाड्या केल्या, त्यांचे पैसे मात्र माझे.

याशिवाय एसीचं पाणी क्लीनर बाजूच्या पायाशी गळतं आणि मागचा डावा दरवाजा रिमोटला दाद देत नाही. त्या दोन तक्रारी शेवटी ठेवतो. त्यांनी कुणाचा तास कमी होत नाही.

१२ जून, बुधवार

काल आप्पांना सोडून, दुपारी परत आणून, गाडी जमा केली. आठवी वेळ. अ‍ॅडव्हायजर नवीन मुलगा, बोलायला चांगला आहे. त्याला म्हटलं, स्कॅनरवर जे जे कोड येतात ते सगळे मला कागदावर दे. आधी “तसं देत नाही” म्हणाला, मग मी काउंटरवरून हललो नाही तेव्हा प्रिंट काढून दिली.

त्यात तीन कोड आहेत. पी०२३७, म्हणजे बूस्ट सेन्सरचा सिग्नल कमी. पी०१९२, रेल प्रेशर सेन्सरचा सिग्नल कमी. आणि सगळ्यात वर पी०६४२.

जॉब कार्डावर त्यांनी फक्त पी०१९२ लिहिला. उपाय: रेल प्रेशर सेन्सर. म्हणजे वर्षापूर्वी त्यांनीच घातलेला सेन्सर पुन्हा नवीन.

पी०६४२ मी घरी येऊन पाहिला. सेन्सरना जो संदर्भ व्होल्टेज जातो, तो कमी झाला असा त्याचा अर्थ. गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर, सेन्सरना बॅटरीचे बारा व्होल्ट देत नाही. तो स्वतः पाच व्होल्ट तयार करतो आणि एकेका गटातल्या अनेक सेन्सरना एकाच लाइनवरून पुरवतो. ही पाच व्होल्टची लाइन कुठे बॉडीला लागली तर त्या गटातले सगळे सेन्सर एकदम आंधळे होतात. सेन्सर चांगले असतात, त्यांचं अन्न तुटलेलं असतं. पण स्कॅनर नाव सेन्सरचं घेतो, आणि ज्याचं नाव आलं तो बदलला जातो. कारखान्यात एका पॅनेलवरचे तीन सेन्सर एकाच वेळी गेले असं कुणी मला सांगितलं असतं, तर मी आधी सप्लाय तपासला असता. इथे आठ वेळा कुणी तपासला नाही.

मागच्या सात वेळांत हा कोड आला होता का, हे कळायला मार्ग नाही. प्रत्येक वेळी काम झाल्यावर कोड क्लिअर केले आणि कागद कुणी ठेवला नाही.

१९ जून, बुधवार. ५८,६०२

गाडी आली. सेन्सर नवीन. जॉब कार्डावर “ट्रायल घेतली, ओके”. ट्रायल कुठे घेतली विचारलं तर हायवेवर. हायवेवर ती बंद पडतच नाही, हे मी लेखी दिलं होतं.

गाडीतले कोड मोबाइलवर दाखवणारा ब्लूटूथचा ओबीडी रीडर मागवला, १,१०० रुपये. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात बसतो.

२८ जून, शुक्रवार. ५८,८४०

खिंडीत पुन्हा, येताना. नवीन सेन्सर घालून नऊ दिवस झाले आहेत. आप्पांचं डायलिसिस आटोपलं होतं, एवढंच बरं.

आज घाई नव्हती, म्हणून दोन गोष्टी करून पाहिल्या. रीडर लावला: पी०६४२ आहे, सोबत पी०२३७. मग दहा-बारा मिनिटं न थांबता चावी पूर्ण काढली, तीस मोजले, पुन्हा लावली. चालू. पूर्ण पिकअपसह. इंजिन तेवढंच गरम होतं, टेंपरेचरचा काटा हलला नव्हता. म्हणजे “गरम झाल्यावर सेन्सर झोपतो” हे सर्व्हिस सेंटरचं दोन वर्षांचं म्हणणं निकालात निघालं. आम्ही रस्त्याच्या कडेला बारा बारा मिनिटं उगाच उभे राहत होतो.

वहीत लिहिलं: उष्णता, नाही.

आप्पा मागून म्हणाले, “सापडलं का रे?” म्हटलं, कुठे नाही ते सापडलं. ते हसले आणि पुन्हा डोळे मिटले.

९ जुलै, मंगळवार. ५९,११५

आता डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, लाइट लागला. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर उत्तर तयार होतं: तुमचं रनिंग कमी, छोट्या अंतराची गाडी आहे, हे गिऱ्हाईकाच्या वापरामुळे, वॉरंटीत नाही. मशीन लावून साफ करायचे आणि ऑइल बदलायचे ७,८०० रुपये.

माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी ईमेलने पाठवलं. डीपीएफमध्ये साठलेली काजळी जाळायला साधारण सहाशे अंश तापमान लागतं. ते मिळावं म्हणून ईसीयू जास्तीचं डिझेल मारतो. कोरेगाव ते सातारा वीसेक किलोमीटर आहे, अर्धा तास सलग गाडी पळते, एवढ्यात ही जळण होऊ शकते. पण सेन्सरचा कोड उभा असताना ईसीयू ती सुरूच करत नाही, आणि मध्ये चालू असताना गाडी बंद पडली तर अर्धवट राहते. अर्धवट राहिलेलं डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. आज डिपस्टिक काढून पाहिली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर, पातळ, आणि नाकाजवळ नेलं तर डिझेलचा वास. इंजिन ऑइल आपोआप वाढत नसतं. एका न सापडलेल्या दोषाने दुसरा तयार केला, आणि त्याचं बिल मला.

पैसे भरले. आप्पांची शुक्रवारची पाळी होती, वाद घालायला गाडी तिथे ठेवता येत नव्हती. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि हेच मला सगळ्यात जास्त लागतं.

२६ जुलै, शुक्रवार. ५९,४९०

दोन दिवस पाऊस उघडला नाही. काल पुण्यात सिंहगड रोडच्या सोसायट्यांमध्ये पाणी शिरलं, खडकवासल्याचं पाणी सोडलं होतं. आम्ही आज सकाळी पाचलाच निघालो, संगम माहुलीच्या पुलावर पाणी किती आहे त्याचा भरवसा नव्हता. कृष्णा गढूळ आणि रुंद झालेली, पण रस्ता चालू होता.

गाडी जाता-येता एकदाही चुकली नाही. खिंडीत समोरचं दिसत नव्हतं म्हणून तिसऱ्यात हळूहळू चढवली, एकदाही दाबली नाही. सर्व्हिस सेंटरच्या ईमेलात “वायरिंगमध्ये ओल जात असावी” असा अंदाज होता. याहून जास्त ओल कुठून आणायची?

ओल, नाही. उरतो तो जोर. कमी गिअरमध्ये जोर लावला की काहीतरी हलतं.

इंजिन बॉडीला घट्ट बसवलेलं नसतं, ते रबरी फाउंडेशनवर तोललेलं असतं. पहिल्या-दुसऱ्यात जोर दिला की ते एका अंगाला कलतं, बोट-दीड बोट. जे इंजिनवर आहे ते त्याच्याबरोबर हलतं, जे बॉडीवर आहे ते जागेवर राहतं. वायरिंग या दोघांच्या मधून जातं.

४ ऑगस्ट, रविवार. ५९,७०२

यवतेश्वरच्या घाटात मोजणी केली.

कारखान्यातला मल्टिमीटर साहेबांच्या परवानगीने आणला होता, सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त रीडिंग धरून ठेवणारा. बूस्ट सेन्सरच्या कपलरच्या मागून बारीक सुई सरकवून पाच व्होल्टच्या वायरला टेकवली, दुसरं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि दोन्ही वायरी फायरवॉलच्या रबरातून आत घेतल्या. मीटर हिच्या मांडीवर. कासला जाणाऱ्यांची गर्दी व्हायच्या आत सकाळी सहाला सुरुवात केली.

उभ्या गाडीवर ५.०१. सपाटीवर ५.०१. घाट चढताना तिसऱ्यात हळू, ५.००. दुसऱ्यात टाकून पाय दाबला, एक वळण, दोन वळणं, काही नाही. तिसऱ्या वळणाला ही ओरडली, “अहो, पडला, पडला!” तोवर लाइट लागलाच होता.

बाजूला घेऊन मीटर पाहिला. सगळ्यात कमी: ०.३८.

दोन वर्षं, सहा पार्ट, आणि शेवटी एक आकडा. आम्ही दोघं पाच मिनिटं गाडीतच बसून होतो. तिने तो आकडा स्वतःच्या हाताने वहीत लिहिला, तारीख-वेळ घालून. ही गाडी विकून टाकू असं ती मार्चपासून म्हणत होती, आज म्हणाली, “आता मात्र शेवटपर्यंत जाऊ.”

११ ऑगस्ट, रविवार

सापडलं.

साताऱ्यात एक जुने ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना मास्तर म्हणतात. डायनामो आणि पॉइंटच्या काळापासून वायरिंग करतात. त्यांना मीटरचा आकडा सांगितला, बाकी काही सांगितलं नाही. ते म्हणाले, “मंग स्कॅनर कशाला, बत्ती आणा.”

चारी चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला. मी आत बसलो, एक पाय ब्रेकवर, पहिला गिअर टाकून क्लच थोडासाच सोडला. इंजिन एका बाजूला कललं. मग रिव्हर्स, तेव्हा उलट बाजूला. मास्तर बाजूला उभे राहून बॉनेटखाली बत्ती मारून बघत होते. चौथ्यांदा म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. बंद करा. हितं या.”

इंजिन उचलण्यासाठी हेडच्या कोपऱ्यावर एक लोखंडी हूक असतो. वायरिंगचा जाड गठ्ठा त्याच्या अगदी बाजूने जातो. हूकला एक भोक आहे, त्यात प्लास्टिकची क्लिप बसून तिने वायरिंग हूकपासून लांब धरून ठेवायचं असतं. आमच्या गाडीत ते भोक रिकामं. वायरिंग सैल लोंबत हूकच्या धारेवर टेकलेलं.

मास्तरांनी गठ्ठा बोटाने हलकेच फिरवला. वरचा वळ्यावळ्यांचा काळा पाइप खालच्या अंगाने चिरलेला, नखाएवढी चीर. आत टेपचा चिकट काला झालेला. त्याच्यात एका हिरव्या-पांढऱ्या वायरचं आवरण तांदळाच्या दाण्याएवढं निघून गेलेलं आणि आतलं तांबं चकाकत होतं. जुनं उघडं पडलेलं तांबं काळं-हिरवं पडतं. हे ताजं घासलेलं होतं. समोर हूकच्या गंजलेल्या धारेवर त्याच मापाची एक उजळ रेघ.

“हे बघा, कसं घासतंय. जोर आला की टेकतंय, सोडलं की सुटतंय. अर्थ मारतीया तुमची लाइन.”

मी ती वायर बराच वेळ बघत राहिलो. एवढीशी जागा. त्रिपुटीच्या खिंडीत मागून आलेली एसटी, आप्पांचे कमी झालेले तास, सगळं त्या दाण्याएवढ्या तांब्यातून आलेलं.

मास्तर सोल्डर करून द्यायला तयार होते. मी नको म्हटलं. गाडी वॉरंटीत आहे, आपण वायर कापली तर उद्या सगळा दोष आपल्यावर. पंधरा फोटो काढले, हूकशेजारी पट्टी धरून, मीटर धरून. मग उघड्या वायरवर टेप, सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गठ्ठ्यावर गुंडाळून दोन केबल टायने हूकपासून लांब ओढून बांधला. मास्तरांनी पैसे घेतले नाहीत. आप्पांबद्दल त्यांना माहीत होतं.

१२ ऑगस्ट, सोमवार

रात्री झोप लागेना. क्लिप निघाली कधी, हा प्रश्न. ईजीआर वाल्व बदलताना त्यांनी काढून परत लावली नाही, असा माझा पहिला संशय होता.

पाडव्याचे डिलिव्हरीचे फोटो शोधले. हार घातलेली गाडी, आई ओवाळतेय, आप्पा टोपी घालून बाजूला. आणि एक फोटो धाकट्याने उगाच काढलेला: बॉनेट उघडं, सेल्समन आम्हाला डिपस्टिक दाखवतोय. मोठा करून पाहिला. सेल्समनच्या कोपराच्या वर हूक दिसतो. भोक रिकामं, आरपार मागचा पाइप दिसतोय.

क्लिप कधीच नव्हती. सर्व्हिस सेंटरच्या ईजीआरवाल्या मेकॅनिकवर मी मनात घेतलेला संशय खोडून टाकला, वहीतही खोडला.

१४ ऑगस्ट, बुधवार. ५९,९१०

सर्व्हिस सेंटर, नववी वेळ. वर्क्स मॅनेजरना फोटो, मीटरचा आकडा, चौदा घटनांची यादी दिली. त्यांनी आधी विचारलं, बाहेरच्या माणसाने वायरिंगला हात लावला का? लावला, बांधायला, कापायला नाही, हे फोटोवरून दाखवलं. मग पाडव्याचा फोटो दाखवला. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

काम दोन तासांचं होतं. वायर जोडून हीट स्लीव्ह चढवली, नवीन पाइप, टेप, क्लिप. क्लिपची किंमत मी विचारून घेतली. बेचाळीस रुपये.

खरा वाद त्यानंतर झाला. जॉब कार्डावर लिहिलं होतं: “वायरिंग तपासले, ओके.” मी सही करणार नाही म्हणालो. काय सापडलं, कुठे सापडलं, क्लिप नव्हती आणि नवीन बसवली, हे सगळं लिहा. “सिस्टिममध्ये तेवढी जागा नसते.” मग हाताने लिहा, शिक्का मारा. गेट पास अडला, संध्याकाळचे सात वाजले. शेवटी त्या नवीन अ‍ॅडव्हायजर मुलाने स्वतः पेन घेतलं आणि कार्डाच्या मागे सहा ओळी स्वच्छ अक्षरात लिहिल्या: इंजिन लिफ्टिंग हूकजवळ हार्नेस घासून पाच व्होल्टची वायर शॉर्ट, क्लिप आढळली नाही, नवीन क्लिप बसवली. मॅनेजरनी शिक्का मारला. त्या मुलाचे मी मनापासून आभार मानले. त्याला ते लिहिणं सोपं नव्हतं.

हा आग्रह मी हट्टाने धरला नाही. जे लिहिलं नाही ते पुढच्या माणसासाठी घडलेलंच नसतं, आणि आठ वेळा आमचं तेच झालं.

२७ ऑगस्ट, मंगळवार. ६०,२६५

खिंड दुसऱ्या गिअरमध्ये, मुद्दाम दाबून. ५.०१. आप्पांना पूर्ण चार तास.

५ सप्टेंबर, गुरुवार

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन करून तक्रार नोंदवली. मागणी दोन गोष्टींची: डीपीएफचे ७,८०० आणि भाड्याच्या गाड्यांचे पावत्यांसह १९,४००. नाही मिळालं तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याप्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं, तक्रार ऑनलाइनही करता येते, आणि दहा ते वीस लाखांच्या वस्तूला फी चारशे रुपये. वकील मित्राने कागद पाहिले आणि म्हणाला, केस तुझ्या वहीतच आहे.

२३ सप्टेंबर, सोमवार. ६१,०४०

आप्पांना पुण्याला नेफ्रॉलॉजिस्टना दाखवून आणलं. जाताना खंबाटकीचा बोगदा, येताना घाट चढावाच लागला. २०२३च्या मे महिन्यात याच घाटात, भर दुपारी, आम्ही सव्वा तास उभे होतो, बाजूने ट्रक जात होते आणि आप्पांना उतरून बसायला सावली नव्हती. आज त्या वळणाला आईने पदर घट्ट धरलेला मी आरशात पाहिला. गाडी वर चढली, उतार लागला, तेव्हा तिने पदर सोडला.

गाडी दुरुस्त झाली असं मीटर म्हणतो. तिची भीती जायला अजून काही फेऱ्या लागतील. मी तिला घाई करणार नाही.

४ ऑक्टोबर, शुक्रवार. ६१,३८२

डायलिसिस सेंटरच्या पार्किंगमध्ये आज आमच्यासारखीच गाडी दिसली. तेच मॉडेल, तोच रंग, रहिमतपूरकडचे एक गृहस्थ पत्नीला घेऊन येतात. दोघंही चार तास बाहेर बसणारे, चहा घेताना विषय निघाला. ते म्हणाले, “आमची चढाला कधी कधी दम टाकते. सेन्सर बदललाय दोनदा.”

मी चहा तसाच ठेवला. त्यांना विचारून बॉनेट उघडलं, मोबाइलची बत्ती मारली.

क्लिपचं भोक रिकामं. पाइपला चीर नाही अजून, पण हूकच्या बाजूला तो घासून गुळगुळीत झालाय. बोट फिरवलं तर काळी पूड आली. त्यांची गाडी आमच्यानंतर पाच महिन्यांनी घेतलेली.

८ ऑक्टोबर, मंगळवार. ६१,४६५

सदोष गाड्या कंपनीने परत बोलावून दुरुस्त कराव्यात अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने आली, कलम ११०-अ, आणि त्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू आहेत. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांना ते लागतात. एकट्याच्या तक्रारीने काही होत नाही, त्या मॉडेलच्या विक्रीच्या प्रमाणात ठराविक संख्या जमावी लागते. तक्रार वाहन पोर्टलवर गाडीच्या नंबराने करायची.

आज आप्पा आणि त्या काकू आत मशीनवर असताना आम्ही दोघांनी बाहेरच्या बाकावर बसून आपापली तक्रार भरली. मी शिक्क्याचं जॉब कार्ड, पाडव्याचा फोटो, ०.३८चं पान जोडलं. त्यांनी काळ्या पुडीचं बोट आणि रिकामं भोक. त्यांच्या हूकवर मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधून दिला, क्लिप येईपर्यंत.

कंपनीचं उत्तर अजून नाही. रहिमतपूरच्या गृहस्थांच्या साडूकडेही हीच गाडी आहे, पुसेगावला. रविवारी बत्ती घेऊन तिकडे जायचं ठरलं आहे.